तळ बघून नांगर

पहाटे ५.००

पौषातली वद्य नवमी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ अंदाजाने निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. नवाची पाऊणपट पावणेसात. म्हणजे आज सकाळी पावणेसातच्या आसपास पाणी भरणार, दुपारी एकच्या सुमाराला सुकणार आणि दिवेलागणीला पुन्हा भरणार. नवमीचं पाणी भांगाचं, उधाणासारखं फार चढत नाही की फार उतरत नाही.

मी देवबागला राहतो आणि साडेसात मीटरची फायबरची होडी भाड्याने चालवतो. एका अंगाला कर्ली नदीची खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी, असं आमचं गाव. आजचं काम तीन ठिकाणचं आहे. सकाळी सागरी जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना घेऊन सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडपांत, दुपारी गळाने मासे पकडायला आलेल्या मंडळींना घेऊन देवबाग-भोगव्यासमोर, आणि रात्री होडी परत खाडीत. म्हणजे एकाच दिवसात खडप, वाळू आणि चिखल. म्हणून होडीत तीन नांगर चढवायचे.

पहिला पात्यांचा, ज्याला डॅनफोर्थ म्हणतात तो, आठ किलोचा. दोन रुंद चपट्या पात्या आणि मधे त्यांच्यावर हलणारा दांडा. दुसरा चार आकड्यांचा, लोखंडी नळीत सळया बसवून गावातल्या वेल्डरकडून करून घेतलेला. तिसरा फाळाचा, शेतातल्या नांगरासारख्या तोंडाचा, दहा किलोचा. प्रत्येकाला आपापली साखळी आणि आपापला दोर. पर्यटकांना या पसाऱ्याचं नवल वाटतं. त्यांच्या मनात नांगर म्हणजे एक जड वस्तू, पाण्यात टाकली की होडी थांबली. पण होडी नांगराच्या वजनावर उभी राहत नाही. नांगर तळाला कसा धरतो यावर ती उभी राहते, आणि प्रत्येक तळ वेगळ्या तऱ्हेने धरावा लागतो.

वजनाचा भ्रम कुठून येतो तेही सांगतो. खाडीत कायमची होडी बांधायला बरेच जण सिमेंटचा ठोकळा टाकतात. शंभर किलोचा ठोकळा पाण्यात गेला की त्याचं वजन साठ किलोच्याही खाली येतं, कारण काँक्रीट पाण्याच्या जेमतेम अडीचपट जड असतं. लोखंड पाण्यात आठव्या हिश्श्याएवढंच वजन गमावतं. ठोकळा चिखलात रुतून बसला तर काम देतो, पण कडक वाळूवर पडला तर वाऱ्यासरशी घसरत जातो.

सकाळी ५.४०

निघण्याआधी शॅकल तपासायचे. दोर आणि साखळी, साखळी आणि नांगर यांना जोडणारा हा लहानसा लोखंडी आकडा सगळ्यात आधी दगा देतो. त्याची पिन हलून हलून सैल होते आणि एक दिवस नांगर तळाशी राहतो, दोर हातात येतो. म्हणून पिनेच्या भोकातून तार ओवून ती शॅकलला पिळून बांधलेली असते. ती तार मी रोज पहाटे बोटाने चाचपतो. आज आकड्यांच्या नांगराची तार गंजलेली निघाली, ती कापून नवी घातली.

दोराबद्दल माझं मत ठाम आहे. नांगराला नायलॉनचाच दोर हवा. तो पाण्यात बुडतो, ताणला की लांबतो आणि लाटेचा झटका गिळतो. बाजारात स्वस्त मिळणारा पॉलिप्रॉपिलिनचा दोर तरंगतो, दुसऱ्याच्या पंख्यात अडकतो आणि उन्हाने वर्षा-दोन वर्षांत ठिसूळ होतो. पैसे वाचवायला इतर जागा पुष्कळ आहेत.

सकाळी ६.१५

भाच्याने खाडीतले दोन्ही नांगर काढले, चिखल धुतला. भरत्या पाण्यावर खाडीच्या तोंडातून बाहेर पडलो. तोंडावरची वाळू दर पावसाळ्यात जागा बदलते. त्यामुळे गेल्या वर्षीची वाट यंदा धरून चालत नाही, आणि ओहोटीत इथून जाणं टाळायचं.

बाहेर मतलई वाहत होता. थंडीच्या दिवसांत पहाटेपासून नऊ-दहापर्यंत हा जमिनीकडचा वारा असतो. मग तो पडतो, थोडा वेळ समुद्र निश्चल होतो, आणि दुपारी खारा वारा उलट्या दिशेने उठतो. नांगराच्या दृष्टीने ही गोष्ट तळाइतकीच महत्त्वाची. सकाळी होडी किनाऱ्याकडून समुद्राकडे ओढली जाते, दुपारी समुद्राकडून किनाऱ्याकडे. सकाळी पुरता रुतलेला नांगर दुपारी उलटा ओढला जातो, उपटतो, आणि पुन्हा धरेलच असं नाही. डॅनफोर्थ इथे कमी पडतो. त्याच्या पात्यांत एखादा दगड किंवा शिंपला अडकला तर पात्या हलत नाहीत आणि नांगर तळावरून नुसता घरंगळतो.

सकाळी ७.३०

सिंधुदुर्गासमोर. १६६४ ते १६६७ या काळात कुरटे बेटावर बांधलेला हा किल्ला, आणि त्याच्या भोवती पाण्याखाली दडलेली खडपं. मालवणच्या बंदरात शिरताना आजही नवख्या तांडेलाची छाती धडधडते. किल्ल्याचा निम्मा पहारा ही खडपंच करत असणार, असं मला नेहमी वाटतं.

हा भाग मालवण सागरी अभयारण्यात येतो. १९८७ साली ते जाहीर झालं, क्षेत्र २९ चौरस किलोमीटरच्या थोडं वर. खडपांवर प्रवाळ आहेत. गोल घुमटासारखी वाढणारी पोरायटिस जातीची प्रवाळं वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. त्यांवर आठ किलो लोखंड टाकायचं म्हणजे कुणाच्या तरी आजोबांच्या वेळी सुरू झालेली वाढ एका झटक्यात फोडायची. नांगराहून जास्त नासधूस साखळी करते. होडी वाऱ्याबरोबर फिरते तशी साखळी तळावर फेर धरते आणि वाटेत येईल ते खरवडत जाते. प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. मला मात्र कायद्याआधी इथल्या माशांचा विचार येतो, कारण माझ्या गावाचं पोट त्यांच्यावर आहे.

म्हणून खडपांत आधी जागा शोधायची. भाचा काचेच्या तळाचा डबा पाण्यात धरून नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, पालथा पडला, मी इंजिन मंद ठेवलं. जानेवारीत सकाळचं पाणी नितळ असतं. खडपांच्या मधे वाळूचे चौक दिसतात, पिवळट, फिके. काळपट दिसतं ते खडप किंवा सारगॅसमचं शेवाळ. शेवाळ फसवं असतं. नांगर त्याच्या जुडीला धरतो, होडी थांबल्यासारखी वाटते, आणि जुडी मुळासकट सुटली की होडी चालू लागते.

“मामा, हय रेव आसा,” भाचा म्हणाला.

इथे आकड्यांचा नांगर. वाळूच्या चौकात सोडायचा आणि हळूच मागे येऊन चौकाच्या काठच्या उघड्या, निर्जीव दगडाला एखादा आकडा लागू द्यायचा. पात्यांचा नांगर दगडावर टाकला तर त्याला शिरायला जागाच नसते. पाती एखाद्या कपारीत गेलीच तर पाचर बसल्यासारखी अडकते आणि ती काढताना दांडा वाकतो. सळयांच्या नांगराची खुबी अशी की फारच अडकला तर इंजिनाच्या जोराने ओढायचं, सळया सरळ होतात आणि नांगर निघून येतो. संध्याकाळी त्या पुन्हा वाकवायच्या. सळया १२ मिलिमीटरपेक्षा जाड घेतल्या तर त्या सरळ होत नाहीत, मग दोर कापून नांगर समुद्राला द्यावा लागतो.

तरी त्याआधी दुसरा उपाय करून ठेवायचा असतो. नांगराच्या खालच्या टोकाला, जिथून आकडे फुटतात तिथे, एक वेगळा बारीक दोर बांधायचा आणि त्याच्या वरच्या टोकाला रिकामा प्लास्टिकचा कॅन तरंगत ठेवायचा. नांगर दांड्याकडून ओढला की अडकतो, पण बुडाकडून ओढला की ज्या वाटेने गेला त्याच वाटेने परत येतो. आमच्याकडच्या कित्येक होड्यांना हा दोर नसतो, आणि खडपांत दर हंगामात नांगर गमावले जातात. त्या नांगरांचे दोर मग पाण्यात लोंबत राहतात, जाळी फाडतात. दहा मीटर दोर आणि एक कॅन, एवढाच खर्च आहे.

सकाळी ९.००

विद्यार्थी पाण्यात उतरले. एका मुलीने वर येऊन विचारलं, “काका, जिथे वाळूचा चौकच नसेल तिथे काय करता?”

तिथे नांगर टाकत नाही. बांधायला तरंगता बोया असेल तर त्याला दोर लावतो. नसेल तर इंजिन चालू ठेवून होडी जागच्या जागी धरतो आणि माणसं पाळीपाळीने उतरवतो. पेट्रोल जळतं, लक्ष सारखं माणसांवर आणि पंख्यावर ठेवावं लागतं. पण जिवंत प्रवाळांच्या पठारावर योग्य असा नांगर कुणी अजून बनवलेला नाही.

सकाळी १०.४५

मतलई पडला. होडी दोरावर सैल झाली आणि दिशाहीन फिरू लागली. खडपांत हीच वेळ निघण्याची. खारा वारा उठला की होडी फिरणार, दोर खडपाच्या धारेवर घासणार. म्हणून तर खडपात दोराच्या आधी किमान चार-पाच मीटर साखळी हवी, खालचं घासणं तिने सोसायचं.

भाच्याने दोर ओढला. “मामा, येवक नाय.”

मी ओढू दिलं नाही. होडी नांगराच्या बरोबर वर आणली, कॅन उचलला, बारीक दोर धरून उलट बाजूने एक हिसका दिला. नांगर सुटला. एका आकड्यावर पांढरट ओरखडा होता. मी आकड्यांत प्रवाळाचा तुकडा आला आहे का ते बघतो. आला नव्हता.

दुपारी १२.३०

मालवण धक्क्यावर विद्यार्थी उतरले, गळवाले चढले. भाकरी आणि सुका बांगडा होडीतच खाल्ला. परत दक्षिणेला, देवबाग-भोगव्यासमोर. वाटेत तारकर्लीच्या किनाऱ्यावर रापण ओढणं चालू होतं. रापणीचं जाळं किनाऱ्यापासून लांबवर अर्धगोल पसरलेलं असतं, त्याच्या आत किंवा वाटेत नांगर टाकणं म्हणजे साठ-सत्तर माणसांच्या दिवसभराच्या मेहनतीवर घाव. आम्ही बाहेरून वळसा घेतला.

इथे पाणी गढूळ, तळ दिसत नाही. तेव्हा शिशाचं वजन काढायचं. माझ्याकडे पाऊण किलोचा शिशाचा गोळा आहे, त्याच्या बुडाला अंगठा जाईल एवढा खळगा. खळग्यात कपड्याच्या साबणाचा तुकडा दाबून भरतो आणि वावावावांवर गाठी मारलेल्या दोरीने तो सोडतो. गोळा टेकला की एकदा उचलून पुन्हा आपटायचा, मग वर घ्यायचा. साबणाला जे चिकटलं तो तळ. आज साबणावर बारीक, करडी वाळू होती आणि शिंपल्याचे दोन चमकते कण. चिखल असता तर गोळ्याच्या अंगालाही काळा थर लागला असता आणि वर घेताना ओढ जाणवली असती. खडप असतं तर साबण स्वच्छ आला असता, त्यावर फक्त खाच. देहरादूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाच्या नकाशांवरही जागोजाग तळ कसला आहे त्याची अक्षरं छापलेली असतात. पण नकाशा मोठ्या जहाजांच्या वाटेचा. माझ्या होडीखालच्या दोन वावांबद्दल साबण जास्त खात्रीने बोलतो.

स्वच्छ वाळू, आणि वारा आता संध्याकाळपर्यंत वायव्येचा. डॅनफोर्थला याहून चांगली परिस्थिती नाही. रिचर्ड डॅनफोर्थ या अमेरिकन माणसाने दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास हा आकार काढला आणि तो सैन्य उतरवणाऱ्या बोटींवर गेला. त्या बोटी किनाऱ्याला लागण्यापूर्वी मागे नांगर टाकायच्या आणि परत निघताना त्याच्याच दोरावर स्वतःला ओढून घ्यायच्या. हलका नांगर, पण पात्या वाळूत तिरप्या शिरतात आणि ओढ वाढेल तशा आणखी खोल जातात. एवढ्याशा वजनात एवढी पकड जुन्या आडव्या दांड्याच्या नांगरात नव्हती.

पण ही पकड ओढ आडवी असेल तरच. दोर जितका लांब तितकी ओढ आडवी. हिशेब असा: इथे पाणी ५ मीटर. नाळ पाण्यापासून १ मीटर वर. आता पाणी सुकलेलं आहे, भरतीला मीटरभर चढेल. एकूण ७ मीटर. त्याच्या पाचपट, म्हणजे ३५ मीटर दोर, शांत वाऱ्याला. खाऱ्या वाऱ्याला सातपट, जवळजवळ ५० मीटर. तिप्पट दोर सोडला तर ताणलेला दोर तळाशी वीस अंशांच्या जवळपास कोन करतो आणि नांगर उचलून घेतो. सातपटीला तो कोन आठ अंशांवर येतो. बहुतेक जण पाण्याची खोली मोजतात, नाळेची उंची आणि येणारी भरती विसरतात, आणि दोष नांगराला देतात. वारा दुप्पट झाला की ओढ चौपट होते, हेही लक्षात ठेवायचं.

नांगर फेकायचा नाही. होडी वाऱ्याकडे तोंड करून थांबली की तो हळूच तळाला टेकवायचा, मग मागे सरकत दोर सोडत जायचा. फेकला तर साखळी पात्यांवर पडून गुंता होतो. पन्नास मीटर सोडून भाच्याने दोर खुंट्याला गुंडाळला, मी इंजिन मागे दिलं. दोर ताठ झाला, थेंब उडाले. भाचा दोरावर तळहात ठेवून होता. नांगर घसरत असेल तर दोर थरथरतो, खडखड हाताला कळते. धरला असेल तर दोर एकदाच ताणतो आणि मुका होतो.

“लागलो, मामा.”

तरी मी किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरल्या. एका घराचं कौलारू छप्पर आणि त्यामागचा मोबाइलचा टॉवर. माड घेऊन उपयोग नाही, सगळे सारखेच. वाऱ्याला आडव्या दिशेच्या अशा दोन खुणा जुळलेल्या राहिल्या तर होडी जागेवर आहे.

दुपारी ३.१०

मासे लागेनात. पाहुण्यांना खडपाच्या जवळ जायचं होतं, कारण तांबोशी तिथे असते. हे बरोबर आहे. शिसं टाकलं, साबणाला चार कण वाळू आणि मधोमध खोल खाच. म्हणजे खडपावर वाळूचा पातळ थर. हा तळ सगळ्यात वाईट. पात्या थरात शिरतात, खाली दगडाला लागतात आणि घसरतात. आकड्यांना धरायला उघडी कपार नाही. इथे फाळाचा नांगर. १९३३ साली केंब्रिजच्या जी. आय. टेलर या भौतिकशास्त्रज्ञाने तो पाण्यावर उतरणाऱ्या विमानांसाठी काढला होता. गतिशास्त्रात मोठं नाव असलेला माणूस, पण शिडाच्या बोटीचा नादी. त्याच्या नांगराचं टोक एकच आणि टोकावर वजन, त्यामुळे ते मिळेल त्या फटीत जातं. ओढीची दिशा बदलली तर बिजागरीवर वळतं. पहिल्या वेळी धरला नाही, दुसऱ्या वेळी धरला. पण मी इंजिन बंद केलं तरी चावीवरचा हात काढला नाही, आणि पाहुण्यांना सांगितलं की इथे अर्धाच तास.

संध्याकाळी ६.१५

खाडीत परत. भरती चालू, सातनंतर पाणी उतरायला लागेल. खाडीत वाऱ्यापेक्षा पाण्याची ओढ मोठी, आणि ती दर सहा तासांनी उलटते. शेजारी इतरांच्या होड्या. एका नांगरावर सोडली तर होडी रात्रीत गोल फिरून कुणावर तरी आदळणार. म्हणून दोन नांगर, एक खाडीच्या वरच्या अंगाला, एक तोंडाच्या अंगाला, दोन्ही दोर नाळेलाच. पाणी चढतं तेव्हा एक ओढ घेतो, उतरतं तेव्हा दुसरा.

तळ चिखलाचा, मऊ. इथे आकड्यांचा नांगर काहीच कामाचा नाही, चिखलातून तो नुसता निघून येतो. मोठं क्षेत्रफळ हवं, म्हणून डॅनफोर्थ, आणि दुसऱ्या बाजूला फाळाचा. चिखलात घाई करायची नाही. नांगर टाकायचा, थोडासा ताण द्यायचा आणि पंधरा-वीस मिनिटं सोडून द्यायचा. तो आपल्या वजनाने खाली बसतो, चिखल त्याच्यावर मिटतो, मग इंजिनाने ओढून बघायचं. टाकल्याबरोबर जोराने ओढला तर तो वरच्या पातळ रबरबीतूनच सरकत जातो, आणि खालच्या घट्ट थरापर्यंत पोचतच नाही.

रात्री ८.००

अंगणात साखळ्या गोड्या पाण्याने धुतल्या. वाकलेला एक आकडा हातोडीने जागेवर आणला. दोरावर दर पाच वावांना बांधलेल्या रंगीत दोऱ्यांपैकी लाल सुटला होता, तो भाच्याने पुन्हा ओवला. अंधारात किती दोर सोडला ते या दोऱ्यांवरूनच कळतं.

भाच्याने विचारलं, पूर्वी लोखंड नव्हतं तेव्हा काय करत? दगड वापरत. द्वारकेला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांना तीन भोकांचे त्रिकोणी दगडी नांगर मिळाले आहेत. वरच्या भोकात दोर, खालच्या दोन भोकांत लाकडी खुंट. नुसत्या वजनावर भागत नाही, तळाला धरायला टोक लागतं, हे त्यांनाही ठाऊक होतं.

मालवण, तारकर्ली, देवबागला तुम्ही होडीत बसाल तेव्हा नाळेकडे एकदा बघा. नांगर किती आहेत, दोराच्या आधी साखळी आहे का, आकड्यांच्या नांगराला दुसरा दोर आहे का. नसेल तर तांडेलाला विचारा, तो रागावणार नाही. आणि तुमच्या डोळ्यांदेखत कुणी प्रवाळावर नांगर टाकत असेल तर गप्प बसू नका. होडी थोडी पुढे घ्यायला सांगा, वाळू बहुतेक वेळा पंधरा-वीस मीटरांवरच असते.